आईच्या हयातीत

६ नोव्हेंबर, गुरुवार

"आता तू मोकळी आहेस, प्रिस्का." धर्मप्रांताच्या विवाह न्यायासनातले म्हातारे फादर मला असं म्हणाले, त्याला अकरा वर्षं झाली. त्यांनी दिलेल्या कागदात लिहिलं होतं की रोनाल्डशी लागलेलं माझं लग्न पहिल्यापासूनच शून्य होतं, देवाच्या लेखी ते झालंच नव्हतं. आई माझ्याबरोबर होती. परतताना तिने रिक्षा थांबवून केक घेतला. दुकानदाराने विचारलं, वाढदिवस कोणाचा. आई म्हणाली, माझ्या पोरीचा.

आज ते वाक्य आठवलं, कारण आईच्या हयातीच्या दाखल्यासाठी बँकेतून भूपेश घरी आला होता. दर नोव्हेंबरात पेन्शनवाल्यांनी आपण जिवंत आहोत हे सिद्ध करायचं असतं. पूर्वी आई स्वतः बँकेत जाऊन अंगठा द्यायची. आता तिचे अंगठे इतके झिजलेत की यंत्राला ओळखू येत नाहीत, आणि ऑगस्टपासून ती पलंगावरून उठलेली नाही. भूपेशने मोबाइल तिच्या तोंडासमोर धरला आणि पापण्या मिटून उघडायला सांगितलं. आईने मिटल्या त्या उघडेचना. तो म्हणाला, "उघडा आजी, नाहीतर सरकारला वाटेल गेल्या."

आईने एक डोळा उघडला. "गेलेल्या मान्साच्या दारात पन येतोस काय रे मोबाइल घेऊन?"

चहा पिताना त्याने सहज विचारलं, आजींच्या नंतर पेन्शनला कोणाचं नाव. मी म्हटलं माझंच, मी घटस्फोटित मुलगी. कपाटातून कागद काढून दाखवला. त्याने तो उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाला, हा चर्चचा आहे ताई, कोर्टाचा असेल तो काढून ठेवा. मग तो पुढच्या घरी गेला.

कोर्टाचा कागद माझ्याकडे नाही. तो लागेल असं कधी कोणी म्हणालं नव्हतं.

१० नोव्हेंबर, सोमवार

उन्नतीकडे जाऊन आले. वसईला कोर्टाजवळ तिचं ऑफिस आहे. मी शाळेत शिकवायची तेव्हा सातवीत माझ्या वर्गात होती, अजून मला मिस म्हणते. वकिलाच्या खुर्चीत बसून ती मला मिस म्हणाली की माझ्या हातात खडू असल्यासारखं वाटतं.

तिने कागद दोनदा वाचला. मग समजावून सांगितलं. चर्चचा निवाडा चर्चपुरता. त्याने मला पुन्हा चर्चमध्ये लग्न करता आलं असतं, रोनाल्डला करता आलंच. पण कायद्यापुढे त्या कागदाला किंमत नाही. कोर्टात घटस्फोटाचा अर्ज कधी झालाच नाही, त्यामुळे कायद्याने मी आजही रोनाल्डची बायको आहे.

मला हसू आलं. तिला आलं नाही.

पेन्शनचं तिने विचारून ठेवलं होतं. घटस्फोटित मुलीला आईवडिलांमागे पेन्शन मिळते, आयुष्यभर, तिची स्वतःची कमाई ठरलेल्या मर्यादेच्या आत असली तर. माझ्या शिकवण्या त्या मर्यादेच्या कितीतरी आत आहेत. फक्त एक अट आहे. घटस्फोटाचा हुकूम आईवडिलांच्या हयातीत झालेला हवा. तो नसेल तर निदान अर्ज तरी त्यांच्या हयातीत कोर्टात दाखल झालेला हवा. हुकूम मागाहून आला तरी चालतो.

"कोणाच्या हयातीत?" मी उगीचच विचारलं.

"आता काकूच आहेत ना, मिस."

१३ नोव्हेंबर, गुरुवार

आपण कशावर जगतो ते एकदा लिहून काढायचं ठरवलं.

पपा नौदलात चीफ पेटी ऑफिसर होते. शेवटच्या पगाराच्या निम्मी पेन्शन. निवृत्त होताना त्यातला काही भाग त्यांनी विकला. विकला असंच म्हणतात. त्या भागाची रक्कम सरकार एकदम हातात देतं आणि पुढची पंधरा वर्षं महिन्याची पेन्शन तेवढी कापून देतं. त्याच पैशात फुलपाड्याची ही जागा झाली. पंधरा वर्षं सरली, कापलेला भाग परत सुरू झाला, पपांनी सगळ्या नातेवाइकांना जेवण घातलं, आणि तीन महिन्यांत ते गेले. सरकारची चांदी झाली, असं आई अजून म्हणते. त्यांच्या मयतीला मी सासरहून आले ती परत गेलेच नाही, रोनाल्ड न्यायला आलाच नाही.

पहिली काही वर्षं आईला पपांच्याएवढीच पेन्शन मिळायची. पण ती कधीपर्यंत, तर पपा सदुसष्ट वर्षांचे झाले असते त्या महिन्यापर्यंत. मेलेल्या माणसाचंही वय सरकार मोजत राहतं. तो महिना आला आणि पेन्शन पगाराच्या तीस टक्क्यांवर उतरली. त्या रविवारी मिस्साला जाताना आईने पुन्हा काळी साडी नेसली. मी विचारलं तर म्हणाली, आज तो दुसऱ्यांदा गेला. मला ते नाटकी वाटलं होतं.

मग आई ऐंशीची झाली तेव्हा वीस टक्के वाढ. पंच्याऐंशीला तीस, नव्वदीला चाळीस. शंभरी गाठली तर दुप्पट. माणूस जितका कमी जगण्यासारखा राहतो तितकी त्याच्या जगण्याची किंमत वाढत जाते.

औषधं, डायपर, सकाळी येणारी बाई, सोसायटी, गॅस, सगळं त्यात. शाळा मी आईसाठी सोडली. खाजगी शाळा होती, तिथे पेन्शन वगैरे नव्हतीच. मी अठ्ठेचाळीस वर्षांची आहे. आई गेल्याच्या दुसऱ्या महिन्यात मी काय करेन, हा विचार मी आजवर केला नव्हता. केला नव्हता म्हणजे आईने करू दिला नव्हता. "तुझं सगळं चर्चने नीट केलंय," ती म्हणायची. कोर्टाची पायरी आपल्या घराण्यात कोणी चढलेलं नाही.

२४ नोव्हेंबर, सोमवार

रोनाल्डला फोन केला. बारा वर्षांनी आवाज ऐकला. आवाज जाड झालाय. आधी त्याला वाटलं आई गेली, ते कळवायला केलाय.

दोघांनी मिळून संमतीचा अर्ज करू, एक सही, एवढंच मी मागितलं. तो म्हणाला, विचारून सांगतो.

त्याला कोणाला विचारायचंय ते मला माहीत आहे. लिडिया. चर्चचा कागद मिळाल्यावर वर्षाच्या आत त्यांचं लग्न झालं. त्यांना एक मुलगी आहे, क्रिस्टीना. न्यायासनाने आमचं लग्न शून्य ठरवलं ते याच कारणावर, की रोनाल्डने लग्नाआधीच मूल होऊ द्यायचं नाही असं मनाशी पक्कं ठरवलं होतं आणि माझ्यापासून ते लपवलं होतं. क्रिस्टीनाच्या बाप्तिस्म्याची बातमी मला चर्चच्या मासिकात वाचायला मिळाली.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

आई औषध घेत नाही. पुरे झालं म्हणते. पपा वाट बघून कंटाळले असतील म्हणते. गोळी गालात धरते आणि मी वळले की उशीखाली थुंकते. आज उशीखाली सात सापडल्या. आणि मीठ डॉक्टरांनी बंद केलंय तर सकाळच्या बाईला फितवून खारं मागवते. हृदय थकलंय, पायांत पाणी साठतंय, मिठाने आणखी साठतं, हे शंभरदा सांगून झालं.

मी ओरडले. नंतर मोरीत जाऊन रडले. ओरडले ते तिच्या काळजीने की माझ्या, हे मला नक्की सांगता येणार नाही.

३ डिसेंबर, बुधवार

उन्नती घरी आली होती. कोर्टातून परतताना मनवेलपाड्याला आईकडे जाते, वाटेत थांबली. आमची एकच खोली, आई पलंगावर डोळे मिटून पडलेली. आम्ही हळूच बोललो.

रोनाल्डचा फोन आला होता, तो तिला सांगितला. तो येत्या एकतीस मार्चला निवृत्त होतोय. केंद्र सरकारच्या खात्यात आहे. त्याच्या मते मार्च संपेपर्यंत थांबायला मला काय हरकत आहे, एवढी वर्षं थांबलेच की.

उन्नती म्हणाली, त्याची भीती खरी आहे. पहिली बायको असताना सरकारी नोकराला दुसरी करता येत नाही. आपल्या अर्जात त्याच्या दुसऱ्या लग्नाचा उल्लेख करावाच लागेल, लपवला तर खोटं प्रतिज्ञापत्र होईल. ते कोणी त्याच्या खात्यात पोचवलं आणि खात्याने मनावर घेतलं तर नोकरी जाईल. बडतर्फ माणसाला पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही. सगळी नोकरी पाण्यात. घेईलच खातं मनावर असं नाही. पण त्याच्या ऑफिसात बढती हुकलेला एकजण टपलेला आहे म्हणे.

"आणि मार्चनंतर?"

"निवृत्त झाल्यावर चार वर्षांपेक्षा जुन्या गोष्टीवर खातं नवीन चौकशी लावू शकत नाही. त्याच्या लग्नाला दहा वर्षं झाली. एक एप्रिलला तो सेफ आहे, मिस."

"आणि अर्ज आईच्या नंतर गेला तर?"

"तर तुम्हाला काहीच नाही."

मग तिने दुसरा मार्गही सांगितला. रोनाल्डच्या सहीची वाट न बघता मी एकटी अर्ज करू शकते. नवऱ्याने टाकलं, या कारणावर. तो आठ दिवसांत दाखल होईल. त्याचं जे व्हायचं ते होईल.

ती गेल्यावर आईने पाणी मागितलं. "पानी" म्हणते ती, अर्नाळ्याची सवय, पपा आयुष्यभर त्यावरून चिडवायचे. पाण्याबरोबर तिने गोळीही मागितली आणि माझ्यासमोर गिळली. तोंड उघडून दाखवलं लहान मुलासारखं. मला बरं वाटलं. ओरडण्याचा उपयोग झाला म्हणायचा.

९ डिसेंबर, मंगळवार

अर्नाळ्याहून आईचा भाचा एरॉल सुकट घेऊन आला. किनाऱ्यावर नुकतीच वाळलेली, सगळी खोली त्या वासाने भरली. आईचा जीव सुकटीवर. डॉक्टरांना न सांगता चिमूटभर द्यावी असं मीच ठरवलं होतं. आईने तोंड फिरवलं. नको म्हणाली, मीठ असतं. एरॉलला वाईट वाटलं.

चव गेली बहुतेक तिची. डॉक्टरांनी सांगितलं होतं, शेवटी शेवटी असं होतं.

१६ डिसेंबर, मंगळवार

आज लिडिया आली.

दार उघडलं तर हातात फळांची पिशवी. चाळिशीची असेल. मी तिला इतकी वर्षं फक्त मिस्साला लांबून पाहिलेली. जवळून पाहिली तर डोळ्यांखाली माझ्यासारखीच काळी वर्तुळं. आधी आईच्या पलंगाशी गेली, पाया पडली. आईला झोप लागली होती, निदान डोळे मिटलेले होते.

ती फार आढेवेढे न घेता बोलली. रोनाल्डला ती समजावेल. संमतीच्या अर्जावर तो आत्ताच सही करून देईल, तारीख न घालता, उन्नतीकडे ठेवायला. एक एप्रिलला दाखल करायचा. त्याच्या आधी नाही. ती हात जोडत नव्हती, पण पिशवीचा बंद बोटाला घट्ट गुंडाळत होती. घराचं कर्ज आहे. पोरगी चौथीत आहे. रोनाल्डची पेन्शन गेली तर तिच्या शिवणकामावर काही चालणार नाही.

मी विचारलं, "रोनाल्डला उद्या काही झालं तर तुला काय मिळेल, हे कोणाला विचारलंस?"

"मी बायको आहे त्याची."

"कायद्याने विधवा मी ठरेन, लिडिया. त्याच्या मागची पेन्शन मला. तू नाहीस कोणी."

मला वाटलं ती कोसळेल. माझी तशी इच्छा होती की काय, कोण जाणे. ती म्हणाली, "माहीत आहे. म्हणून त्याची बीपीची गोळी रोज मी माझ्या हाताने देते." मग आईकडे बघून जरा हसली. "आपण दोघींनी आपापलं म्हातारं जपायचं, ताई. तुम्ही यांना, मी त्याला. एप्रिलपर्यंत."

मीही हसले. त्याची लाज वाटते. आई आमच्यापासून दोन हातांच्या अंतरावर झोपलेली होती आणि आम्ही दोघी तिच्या मरणाच्या तारखेवर हसत होतो.

ती गेल्यावर फळं कापली. आईने अर्धं सफरचंद संपवलं, चावता येत नसताना.

२५ डिसेंबर, नाताळ

मिस्सा मोबाइलवर दाखवली. करंज्या शेजारून आल्या. आई बरी आहे. पायांची सूज उतरलीय. सूज उतरलेली बघून मला आधी आनंद झाला तो एप्रिलचा. आईचा मागाहून झाला.

६ जानेवारी, मंगळवार

आईचं काही कळत नाही. चर्चचं नवीन कॅलेंडर आलं तर ते पायथ्याशी, तिला समोर दिसेल असं लावायला लावलं. त्यात रोजचे संत दिलेले असतात, त्यासाठी असेल. पण सकाळी उठल्याउठल्या आज काय तारीख विचारते. सांगितली तरी दुपारी पुन्हा विचारते. डॉक्टर म्हणाले, मेंदूला रक्त कमी पडायला लागलं की वेळेचं भान जातं.

खाण्याचंही तसंच. अटवलचा मऊ भात तोंडात घालून घेते, उलटी होते, पुसून झालं की पुन्हा वाटीकडे बोट दाखवते. सकाळची बाई म्हणते, म्हातारपणी अशी भूक लागते, हावरेपणा येतो. मला ते बघवत नाही. आयुष्यभर आपल्या पानातलं दुसऱ्याला वाढणारी बाई.

१९ जानेवारी, सोमवार

संमतीच्या अर्जावर मी सही केली. रोनाल्डने शनिवारीच करून ठेवली होती. त्याची सही लग्नाच्या रजिस्टरात होती तशीच आहे, शेवटी लांब शेपूट. तारखेची जागा मोकळी. उन्नतीने अर्ज तिच्या कपाटात ठेवला.

ती म्हणाली, मिस, मी तुमची वकील आहे, त्यांची नाही. माझा सल्ला ऐका, एकटीचा अर्ज टाका. तिने तो तयारही केलाय. मी म्हटलं, आई आता बरी आहे.

२ फेब्रुवारी, सोमवार

शनिवारी आईला धाप लागली. ऑक्सिजनचं यंत्र भाड्याने आणलं. डॉक्टर म्हणाले, दवाखान्यात नेऊन फार काही होणार नाही. किती दिवस ते त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलंही नाही. मला विचारायचं होतं ते वेगळंच होतं, आणि ते डॉक्टरला विचारण्यासारखं नव्हतं.

उद्या उन्नतीकडे जाते. पुरे झालं. माझंही आयुष्य आहे.

३ फेब्रुवारी, मंगळवार

गेले. एकटीचा अर्ज तिने समोर ठेवला. नोटरी बाहेर बसला होता, प्रतिज्ञापत्रावर सही करायची आणि आत दाखल करायचं, तासाभराचं काम.

उन्नती म्हणाली, सही करण्याआधी वाचा. मी वाचायला लागले. अर्जदार विवाहानंतर पतीसोबत नांदत होती. पतीने कोणत्याही सबळ कारणाशिवाय. इथपर्यंत ठीक होतं. मग सातवा परिच्छेद. प्रतिवादी हा सध्या एका परस्त्रीसोबत बेकायदेशीररीत्या राहत असून सदर संबंधातून त्यांस एक अपत्य आहे.

मी विचारलं, हे वगळता येईल का. उन्नती म्हणाली नाही. निदान शब्द बदल. तिने बदलून पाहिले. कसेही फिरवले तरी अर्थ तोच राहत होता.

पंचवीस वर्षांची असताना मला ते अपत्य हवं होतं. नाव ठरवलेलं होतं. आता कोणाचं तरी ते झालंय, चौथीत आहे, आणि माझ्या सहीने ते सदर संबंधातून झालेलं ठरणार होतं. पेन हातात धरून मी किती वेळ बसले ते उन्नतीला माहीत. शेवटी तिनेच झाकण लावलं.

हा चांगुलपणा नव्हे. कोणी तसं म्हणू नये. चांगल्या माणसाला इतका राग येत नसेल. रिक्षात बसले आणि मला रोनाल्डचा, लिडियाचा, त्या पोरीचा, म्हाताऱ्या फादरांचा, सगळ्यांचा राग आला. सगळ्यात जास्त आईचा आला, कोर्टात जायचं नाही म्हणाली म्हणून. घरी आले तर ती जागी होती. तोंडावरचा मास्क बाजूला करून म्हणाली, "कुठं गेलेलीस?"

बाजारात, म्हटलं.

"काय आनलंस?"

मी काहीच आणलं नव्हतं.

१८ फेब्रुवारी, राखेचा बुधवार

फादर कॉन्रॅड राख घेऊन आले. आईच्या कपाळावर क्रूस काढला. मग त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, आजाऱ्यांचा अभ्यंग देऊया का, कपाळाला आणि हातांना लावायचं पवित्र तेल मी आणलंय. मी हो म्हटलं. याच गोष्टीची आईला आयुष्यभर काळजी, की आपण अभ्यंगाशिवाय जाऊ नये. पपांना तो मिळाला नाही, हे तिचं कायमचं दुःख.

फादरांनी तेलाची डबी उघडली आणि आईने हात चादरीखाली ओढून घेतले. मान हलवली. फादर वाकले तेव्हा श्वास घेत घेत म्हणाली, "आता नको. ईस्टर झाल्यावर या."

फादरांनी सांगून पाहिलं, ईस्टर एप्रिलात आहे, आणि याने माणूस मरत नाही, कित्येकदा बरा होतो. आई ऐकेना. हात चादरीखाली घट्ट दाबून धरलेले. फादर जाताना दारात मला म्हणाले, भीती वाटते शेवटी, सगळ्यांनाच वाटते, तिच्यासाठी प्रार्थना कर.

मला सबंध दिवस वाईट वाटतंय. जिने मला शिकवलं की मरण म्हणजे फक्त घर बदलणं, तीच आता तेलाच्या डबीला घाबरते. श्रद्धा अशी आयत्या वेळी सोडून जाते का माणसाला?

२५ फेब्रुवारी, बुधवार

आईने औषधाचा एकही डोस चुकवलेला नाही. मी विसरले तर बोटाने दाखवते. बोलणं जवळजवळ बंद. डॉक्टर येऊन गेले. नाडी बघून म्हणाले, "यांचं मला आश्चर्य वाटतं. कशाच्या जोरावर चाललंय, कळत नाही." आठवडा म्हणाले. फार तर दोन.

कॅलेंडर मी पुसायला म्हणून काढलं तर आई घशातून आवाज करायला लागली. परत लावलं तेव्हा थांबली.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळी उन्नतीचा फोन. "मिस, मी कोर्टातच आहे. नुसतं हो म्हणा, तुमच्या सहीसाठी माणूस पाठवते. दुपारी एकटीचा अर्ज दाखल करते."

मी म्हटलं, लिडियाला मी एप्रिल सांगितलंय.

"तुम्ही तिला काही कबूल केलेलं नाही. ती म्हणाली आणि तुम्ही हसलात."

खरं आहे. मी कबूल काहीच केलं नव्हतं. तरी तोंडातून हो निघालं नाही. उन्नतीने फोन ठेवला नाही. मागे कोर्टातला पुकारा ऐकू येत होता. मग म्हणाली, वर्गात तुम्ही आम्हाला उत्तर येईपर्यंत उभं ठेवायचात, मी पण उभी राहते, पण दोन वाजता काउंटर बंद होतो.

दोन वाजून गेले.

आपण असं का केलं हे मला आता कळायला हवं होतं. कळलेलं नाही. साठी कशी काढणार, सत्तरी कशी काढणार, ही जागा विकून कुठे जाणार, याचं एकही उत्तर माझ्याजवळ नाही. ऑक्सिजनच्या यंत्राचं भाडं भरायचंय.

४ मार्च, बुधवार

पाठीच्या जखमा उघड्या झाल्यात. ड्रेसिंग करताना आई ओरडत नाही, खालचा ओठ चावते. आज त्यातून रक्त आलं. पाय पुन्हा सुजलेत, कातडी चकाकते, बोट टेकलं तर खड्डा तसाच राहतो. अटवल आता गिळत नाही. चमच्याने पाणी घालते तर अर्धं गळ्यावर ओघळतं, पण तोंड ती उघडते, प्रत्येक चमच्याला.

जखमा बघायला येणाऱ्या नर्सने सांगितलं, अशा वेळी नातेवाइकांनी कानात सांगायचं असतं, जा आता, आमची काळजी करू नकोस, आम्ही बघून घेऊ. म्हणजे माणूस सुटतो. शेजारच्या लतिकाबाईंनी त्यांच्या सासूला सांगितलं आणि सासू त्याच संध्याकाळी गेली. मी आईच्या कानाशी वाकले. "जा" हा शब्द काही केल्या आला नाही. तिचा चेहरा पुसला आणि उठले.

म्हणून इथे लिहिते आहे. तोंडाने तुला हे सांगायला मी धजणार नाही, आणि तू ही वही वाचणार नाहीस.

आई, तुझ्याकडे काहीही मागितलं की पहिलं उत्तर नाही असायचं. शाळेची सहल, सायकल, मुंबईची नोकरी, केस कापणं. तुझ्या नाहीची मला इतकी सवय होती की पुढेपुढे मी मागणंच सोडलं. आता जे मागते आहे ते कोणी शत्रूच्या आईकडेही मागू नये. हे शरीर कोणी राहावं असं उरलेलं नाही. पपा तिकडे आहेत, तू त्यांच्याकडे कधीची निघालेली आहेस, आणि मी तुला कशासाठी अडवते आहे तेही मला माहीत आहे. तू नाही म्हणशील. म्हणावंस, असं मलाही वाटतं.

तरी, आई, एप्रिल लागेपर्यंत थांब.